वज्रमुष्टी

वज्रमुष्टी : एक प्राचीन भारतीय मुष्टियुद्ध. यात शिंगाचे वा धातूचे अणकुचीदार आयुध मुठीत धरून ज्येष्ठीमल्ल लढत. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या संस्कृत ग्रंथातील मल्लविनोद प्रकरणात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग सांगितले आहेत. बडोद्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मल्लपुराणात मात्र ज्येष्ठी ही मोढेरा परिसरातील ब्राह्मण ज्ञाती आहे. श्रेणीवाचक शब्द पुढे ज्ञातिवाचक झाला असावा, हे मूळ पाठ ताडून पाहिल्यावरच ध्यानात येते. भाषांतरात दोन्हींसाठी सरसकट ‘पहिलवान’ म्हटल्यास हा पुरावाच नाहीसा होतो. द. चिं. मुजुमदार यांच्या व्यायामज्ञानकोशाने (१० खंड, १९३६–४९) भारतीय मल्लविद्येची माहिती मराठीत संकलित केली. हे द्वंद्व आता मुख्यतः म्हैसूरच्या दसऱ्यातील विधिरूपाने टिकून आहे.