नाला नव्हे, ओढा

आमच्या सोसायटीच्या भिंतीलगत वाहणाऱ्या पाण्याला मी लहानपणापासून ‘नाला’च म्हणायचो. तो आंबिल ओढा आहे, हे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री नीट कळलं. पार्किंगमधल्या गाड्या तरंगत होत्या. त्या पुरात पुणे परिसरात वीसहून अधिक जीव गेले.

मग मी वाचत गेलो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी याच ओढ्यावर कात्रजला तलाव बांधून भुयारी नळाने शहरात पाणी आणलं. म्हणजे कधीकाळी हा ओढा पुण्याची तहान भागवत होता. पुढे खडकवासल्याचं पाणी आलं आणि शहराने ओढ्याकडे पाठ फिरवली. काठांवर भराव पडले, भिंती उठल्या.

पुरानंतर आमच्या रस्त्याखालच्या मोरीतून गाद्या, थर्माकोल, फांद्या निघाल्या. मोरी तुंबली की पाणी रस्त्यावरून धावतं. गढूळ पाण्याखाली तिचं तोंड दिसत नाही आणि पाय घसरलेला माणूस आत ओढला जातो. म्हणून आता आम्ही मे महिन्यातच मोरी साफ झाली का ते बघतो. जोराच्या पावसात मुलांना तिकडे फिरकू देत नाही.

आणि मी आवर्जून ‘ओढा’ म्हणतो. नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायला हात धजावतो.