मुक्या जनावराचा दाखला

पाळीव कुत्र्यास परदेशी नेताना जी आरोग्यविषयक कागदपत्रे तयार करावी लागतात, त्यांकडे आपण कचेरीतील एक कटकट म्हणून पाहतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ती दस्तऐवज म्हणून वाचावीत, असे आम्हांस वाटते. दाखला एका जनावराच्या नावे निघतो. साक्ष मात्र ते ज्या मुलुखात वाढले त्या मुलुखाची घेतली जाते.

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी घेऊ. मराठी आणि कानडीच्या शिवेवरचे हे गाव. येथले एखादे कुत्रे धन्यामागे चालत कर्नाटकात गेले, तर त्याला कोणी कागद विचारीत नाही. तेच कुत्रे कुटुंबासोबत जर्मनीस निघाले की क्रम ठरलेला असतो. आधी कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप; मग रेबीजची लस; लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, आणि त्यात प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रतिपिंडे. नमुना घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा. अखेरीस, युरोपात पोहोचण्याआधीच्या १० दिवसांत सरकारी पशुवैद्यकाने दिलेला दाखला. चिप लसीनंतर बसवली, तर ती लस हिशेबात धरली जात नाही. कारण ती याच कुत्र्यास टोचली गेली, याला पुरावा उरत नाही. हस्तलिखिताची परंपरा तपासणाऱ्यास हा तर्क परका वाटू नये.

जपानमधून किंवा ऑस्ट्रेलियातून थेट येणाऱ्या कुत्र्यास मात्र ही रक्तचाचणी आणि हे तीन महिने चुकतात. कुत्रे तितकेच निरोगी असते. फरक असतो तो देशाच्या नावाचा.

हा संशय जुना आहे. ब्रिटनने १९०२ पर्यंत आपल्या बेटांवरून रेबीज नाहीसा केला, आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना सहा महिने अलग ठेवण्याची पद्धत सुरू केली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस परतणाऱ्या सैनिकांनी आणलेल्या कुत्र्यांतून १९१८ मध्ये रोग पुन्हा शिरला. तो हटवण्यास १९२२ उजाडले. त्या भीतीपोटी सहा महिन्यांचा नियम पुढे टिकला, आणि २००० मध्ये लस व रक्तचाचणीच्या आधारे पर्यायी वाट निघेपर्यंत तो सैल झाला नाही.

याच काळातील दुसऱ्या घटनेशी आपला संबंध अधिक निकटचा आहे. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात थांबली, आणि त्यांच्यामागून तेथे बुळकांड्यांची साथ पसरली. युरोप हादरला. १९२१ मध्ये पॅरिसला परिषद भरली, आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी करार करून जनावरांच्या साथींची खबर एकमेकांस देणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापली. तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. परक्या देशाच्या पशुवैद्यकाच्या सहीवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न अशा रीतीने आपल्याच गुरांच्या पावलांनी तेथे पोहोचला होता.

या कथेचा शेवट मात्र अपमानात झाला नाही. गुरांना गावोगाव लस टोचण्याचे काम दशकानुदशके चालले. २००६ मध्ये भारत बुळकांड्यांपासून मुक्त ठरला, आणि २०११ मध्ये सारे जग. देशाच्या नावाला लागलेला डाग असा धुतला गेला.

रेबीजच्या बाबतीत तो दिवस अजून यायचा आहे. कुत्र्याच्या दंशातून होणारा हा रोग लसीने टाळता येतो. एकदा लक्षणे दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. आपल्याकडे त्याला बळी पडणाऱ्यांत मुले पुष्कळ असतात. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आराखड्यात, कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

म्हणून मैंदर्गीतील एखाद्या घरी जेव्हा लसीची तारीख, चिपचा क्रमांक आणि प्रयोगशाळेचा निकाल एका पाकिटात घातला जातो, तेव्हा त्या पाकिटात न मावणारी एक गोष्ट बाहेर राहते. गल्लीतल्या, कोणाच्याही नावावर नसलेल्या कुत्र्यांना लस मिळाली की नाही, ही ती गोष्ट. घरच्या कुत्र्याची तीन महिन्यांची प्रतीक्षा त्यांच्यामुळे ठरते. आणि गल्लीत खेळणाऱ्या मुलाचे आयुष्यही.