जलतरणपटूचा खांदा : एका दुखण्याचा इतिहास

म्युनिक, १९७२. मार्क स्पिट्झने एकाच ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदके जिंकली आणि जगाचे डोळे तरणतलावाकडे वळले. त्या झगमगाटाआड पोहणाऱ्यांचे एक दुखणे मुकाट्याने वाढत होते.

१९७४ मध्ये कॅनडाचे अस्थिशल्यविशारद केनेडी आणि हॉकिन्स यांनी त्यावर लेख लिहिला. शीर्षक होते ‘स्विमर्स शोल्डर’, म्हणजे जलतरणपटूचा खांदा. (ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांच्या गुडघ्यावरही त्यांनी त्याच वर्षी लिहिले, ती कथा पुन्हा केव्हातरी.)

पाणी तर शरीराचा भार पेलते, मग इजा कशी? हिशेब मांडू या. ५० मीटरांस ४० हात धरले, तर १० किलोमीटरांच्या सरावात ८,००० हात होतात. म्हणजे एकेका खांद्याच्या वाट्याला ४,००० फेरे, तेही एका दिवसात! हात डोक्यावर गेला की दंडाचे हाड आणि वरची हाडांची कमान यांच्यामध्ये कंडरा चिमटते. हजारो वेळा चिमटली की ती सुजते.

त्या काळचे उपचार दुखऱ्या जागेभोवतीच फिरत : विश्रांती, बर्फ, औषधे, इंजेक्शन, क्वचित शस्त्रक्रिया. पण ऐन हंगामात विश्रांती घेणे म्हणजे वर्षाच्या कष्टांवर पाणी सोडणे. म्हणून कित्येकजण दुखणे लपवून पोहत राहत.

खरे वळण आले १९९१ मध्ये, कॅलिफोर्नियात. मेरिलिन पिंक, जॅकेलिन पेरी, फ्रँक जोब आणि सहकाऱ्यांनी पोहणाऱ्यांच्या खांद्याभोवतीच्या बारा स्नायूंत केसासारख्या तारा घालून प्रत्येकाचे काम पाण्यातच नोंदवले. पेरी शल्यविशारद होण्यापूर्वी स्वतः भौतिकोपचारतज्ज्ञ होत्या, हे मला फार बोलके वाटते. निरोगी खांद्यात सेराटस अँटेरिअर हा स्नायू संपूर्ण फेऱ्यात विसावा घेत नाही, असे त्यांना दिसले. तोच पाठीवरचा फरा बरगड्यांशी धरून ठेवतो. दुखऱ्या खांद्यात मात्र पाणी मागे खेचण्याच्या ऐन क्षणी तो मंदावलेला आढळला. दुखणे पुढे, दुबळेपणा मागे!

फऱ्याचे स्नायू बळकट करणारे, वरवर क्षुल्लक भासणारे व्यायाम त्यामुळे उपचारांच्या केंद्रस्थानी आले : जमिनीवर हात टेकून, कोपर न वाकवता फरे पुढे ढकलणे, हा त्यांतलाच एक. जलतरणपटूंची नाडी ओळखणारा भौतिकोपचारतज्ज्ञ आज आधी विचारतो, रोज किती पोहता, श्वास कोणत्या बाजूस घेता. आणि मग खांदा चाचपण्याऐवजी हात वर करायला सांगून तुमच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो.