क्लाइडकाठचे एक वर्ष : ग्लासगोतील सागरी अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण

सागरी अभियांत्रिकीत ‘एम.एस्सी.’ केले की जहाजावर थेट वरच्या हुद्द्याची नोकरी मिळते, असा समज चांगल्या सुशिक्षित घरांतूनही आढळतो. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय महागात पडणारा आहे. जहाजाच्या यंत्रकक्षात जबाबदारीने काम करण्याचा परवाना कोणतेही विद्यापीठ देत नाही. तो त्या त्या देशाचे सागरी प्रशासन देते. भारतात हे काम मुंबईतील नौवहन महासंचालनालयाकडे आहे. सागरी अभियांत्रिकीचा चार वर्षांचा बी.टेक. किंवा यांत्रिकी अभियांत्रिकीच्या पदवीनंतरचा सुमारे वर्षभराचा मान्यताप्राप्त प्रशिक्षणक्रम, त्यानंतर प्रत्यक्ष समुद्रावरील सेवा, मग ‘एमईओ क्लास फोर’ची परीक्षा आणि पुढे चढत्या श्रेणीची सक्षमता प्रमाणपत्रे, असा तो मार्ग आहे. त्याच्या शेवटी ‘चीफ इंजिनिअर’ हे पद येते. पदव्युत्तर पदवीचा या शिडीशी थेट संबंध नाही. तिचा संबंध आहे तो जहाज आणि त्याची यंत्रे कशी असावीत हे जमिनीवर बसून ठरवणाऱ्यांच्या व्यवसायाशी.

हा फरक एकाच शहरात पाहायचा असेल तर स्कॉटलंडमधील ग्लासगोला जावे. क्लाइड नदीच्या दक्षिण तीरावर सिटी ऑफ ग्लासगो कॉलेजचा ‘रिव्हरसाइड’ परिसर आहे. तेथे समुद्रावर जाणारे कॅडेट घडतात. नौकानयनाची आभासी दालने आणि प्रत्यक्ष यंत्रे यांच्यावर त्यांचा हात बसवला जातो. तेथून पायी अर्ध्या तासाच्या आत, नदीच्या उत्तरेला, स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाची हेन्री डायर इमारत लागते. नौकारचना, महासागर आणि सागरी अभियांत्रिकीचा विभाग तो हा. एम.एस्सी.साठी येणारा भारतीय विद्यार्थी बहुधा या दुसऱ्या इमारतीत येतो. पहिल्या इमारतीतील शिक्षणाची अपेक्षा मनात धरून दुसरीत दाखल झाला, तर वर्ष आणि पैसा दोन्ही गेले म्हणून समजावे.

ग्लासगो आणि जहाज यांचे नाते जुने आहे. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाच्या सुधारणेवर डोके चालवले ते याच शहरात, १७६० च्या दशकात. हेन्री बेलची ‘कॉमेट’ ही वाफेवर चालणारी प्रवासी बोट १८१२ मध्ये क्लाइडवर धावू लागली. गोव्हनच्या जॉन एल्डरने १८५४ मध्ये जहाजासाठी संयुक्त वाफयंत्र यशस्वी करून दाखवले. त्यात तीच वाफ दोन टप्प्यांत वापरली जाई आणि कोळसा जवळजवळ एक तृतीयांशाने वाचे. वाचलेल्या कोळशाच्या जागी माल भरता येऊ लागल्याने दूरच्या सफरी परवडू लागल्या. एल्डरच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी इझाबेला हिने १८८३ मध्ये ग्लासगो विद्यापीठात नौकारचनाशास्त्राचे अध्यासन स्थापन केले. जगातील अशा प्रकारचे ते पहिले मानले जाते. त्याच वर्षी नदीच्या मुखाकडे डंबार्टन येथे डेनी कंपनीने जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यात ओढून पाहण्याची सुमारे शंभर मीटर लांबीची टाकी बांधली. ती आज संग्रहालयाचा भाग असून पाहता येते. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर जगातील नव्या जहाजांपैकी सुमारे पाचवा हिस्सा क्लाइडवर बांधला जात होता, असे सांगितले जाते.

या इतिहासाला आपल्याकडची एक बाजूही आहे. मुंबई बंदरात नित्य दिसणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीचा संस्थापक विल्यम मॅकिनन स्कॉटिश होता आणि तिची कित्येक जहाजे डेनीने बांधलेली होती. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर डेकवरील खलाशी प्रामुख्याने कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे असत. खानपानाची व्यवस्था गोव्याच्या मंडळींकडे असे. यंत्रकक्षातील अधिकारी मात्र गोरा, आणि पुष्कळदा स्कॉटिश. माझगाव गोदीची मालकीही १९६० मध्ये भारत सरकारकडे येईपर्यंत याच दोन कंपन्यांकडे होती. ज्या किनाऱ्याने क्लाइडच्या जहाजांना हात पुरवले, तेथील मुले आता त्या यंत्रांच्या आराखड्याच्या मेजापाशी बसू लागली आहेत; हा बदल लहान नाही.

हेन्री डायर या नावाचेही कौतुक आहे. दिवसा कारखान्यात उमेदवारी आणि संध्याकाळी अँडरसन कॉलेजात वर्ग, असे शिकलेला हा तरुण १८७३ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविशीत, टोकियोतील नव्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पहिला प्रमुख झाला. त्याच संध्याकाळच्या वर्गांना यामाओ योझो हा जपानी तरुणही येत असे. तो दिवसा गोव्हनच्या गोदीत काम करी. जपानच्या औद्योगिक उभारणीत या दोघांचाही वाटा मोठा आहे. १७९६ मध्ये स्थापन झालेली ती अँडरसनची संस्था १९६४ मध्ये स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ झाली. २००१ मध्ये ग्लासगो विद्यापीठाचा व स्ट्रॅथक्लाइडचा नौकारचना विभाग एकत्र आले आणि आज हे शिक्षण स्ट्रॅथक्लाइडमध्ये चालते.

अभ्यासक्रम एक वर्षाचा. सप्टेंबरात आरंभ, दोन सत्रे वर्ग, आणि मे महिन्यापासून पुढचा उन्हाळा प्रबंधाचा. एकूण १८० श्रेयांकांपैकी ६० एकट्या प्रबंधाचे असतात. प्रवेशासाठी यांत्रिकी, नौकारचना, स्थापत्य किंवा तत्सम शाखेची चांगल्या गुणांची पदवी आणि इंग्रजीची परीक्षा लागते. समुद्रावर काही वर्षे काढलेले अभियंतेही येतात आणि वर्गात त्यांचे वजन वेगळेच पडते. पिस्टनचे कडे अडकते म्हणजे काय होते हे त्यांनी पाहिलेले असते; इतरांनी फक्त वाचलेले असते. समीकरणांशी मात्र त्यांची गाठ दहा वर्षांनी पुन्हा पडते आणि पहिले सत्र त्यांना जड जाते.

शिकायचे काय, तर वरवर साधे दिसणारे प्रश्न. जहाजाचा वेग आणि लागणारी शक्ती यांचे नाते साधारणतः घनाचे असते. वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर लागणारी शक्ती सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटते. प्रवास लांबतो हे धरूनही त्या सफरीचे इंधन जवळजवळ एकोणीस टक्के वाचते. मग सगळी जहाजे सावकाश का जात नाहीत? कारण मालवाहतुकीसाठी जास्त जहाजे लागतात, इंजिन त्याच्या सोयीच्या वेगाखाली चालवल्यास काजळी धरते, आणि वादळात पुरेशी शक्ती हाताशी असावी लागते. अशा ओढाताणीतून मार्ग काढणे हाच या विषयाचा गाभा आहे. विभागाची स्वतःची जलगतिकी प्रयोगशाळा शहराच्या वायव्येला आहे. तेथील ७६ मीटर लांबीच्या टाकीत लाटा निर्माण करून प्रतिकृती तपासता येतात. संगणकावर काढलेला आकडा आणि टाकीत मोजलेला आकडा जुळत नाही तेव्हा खरा अभ्यास सुरू होतो.

एल्डरच्या काळी प्रश्न कोळशाचा होता, आज कर्बवायूचा आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जुलै २०२३ मध्ये जहाजवाहतुकीचे हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. त्यासाठीच्या बंधनकारक चौकटीवरील मतदान ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभरासाठी लांबणीवर पडले. परंतु जहाज वीस-पंचवीस वर्षे चालते, म्हणून आज मागणी नोंदवणाऱ्या मालकाला थांबता येत नाही. मिथेनॉल घ्यावे, तर तेवढ्याच ऊर्जेसाठी टाकीला दुपटीहून अधिक जागा लागते. अमोनियात कर्ब नाही, पण तो विषारी आहे. बंदिस्त यंत्रकक्षात त्याची गळती म्हणजे जिवाशी गाठ. द्रवरूप नैसर्गिक वायू स्वच्छ जळतो, पण न जळता निसटलेला मिथेन हवामानाला घातक ठरतो. या विषयांवरील प्रबंधांना सध्या मागणी आहे ती उगीच नव्हे.

नव्या इंधनाचे आकर्षण आणि गोदीतील वास्तव यांतील अंतर क्लाइडनेच अलीकडे दाखवून दिले. पोर्ट ग्लासगो येथील फर्ग्युसन गोदीकडे २०१५ मध्ये डिझेल आणि नैसर्गिक वायू अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या दोन फेरीबोटींचे काम ९७ दशलक्ष पौंडांना देण्यात आले. २०१८ मध्ये अपेक्षित असलेली पहिली, ‘ग्लेन सॅनॉक्स’, प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२४ मध्ये सुपूर्द झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रवासी घेऊन निघाली. खर्च मूळ रकमेच्या कितीतरी पट झाला. आराखडा पक्का होण्याआधी पोलाद कापायला घेतले की काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

परीक्षापद्धतीबद्दल एक सूचना पालकांसाठी. तेथे पन्नास गुणांना उत्तीर्ण, साठांना गुणवत्ता श्रेणी आणि सत्तरांना विशेष प्रावीण्य. पासष्ट गुणांचा निकाल ऐकून घरी सुतक धरण्याचे कारण नाही. उलट, कोणाचे चार परिच्छेद संदर्भ न देता उचलले तर होणारी चौकशी मात्र खरोखरच चिंतेची असते. ‘नोट्स’वर वाढलेल्या आपल्या मुलांना हे पहिल्या महिन्यातच पटलेले बरे.

शहराचा पहिला प्रश्न घराचा. ग्लासगो महापालिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये गृहनिर्माणाची आणीबाणी जाहीर केली आणि विद्यार्थ्यांना तिची झळ लागतेच. प्रवेशाचे पत्र येताच विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी अर्ज करावा. घर न पाहता परक्या माणसाच्या खात्यात अनामत भरू नये. खासगी घर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. परस्परांचे नातेवाईक नसलेले तिघे किंवा अधिक एकत्र राहणार असतील तर घरमालकाकडे त्यासाठीचा परवाना हवा. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये. आणि ती तीस कामकाजी दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा झाली पाहिजे. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना स्थानिक ‘कौन्सिल टॅक्स’ माफ असतो. स्कॉटलंडमध्ये डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांना २०११ पासून पैसे पडत नाहीत. दक्षिणेतील इंग्लंडमध्ये तशी सवलत सर्वांना नाही.

लाल-पिवळसर दगडाच्या तीन-चार मजली जुन्या चाळवजा इमारती ही ग्लासगोची ओळख. छत उंच, खिडक्या मोठ्या, आणि म्हणूनच हिवाळ्यात घर तापवण्याचा खर्चही मोठा. पाऊस मुंबईच्या सुमारे निम्माच, पण मुंबईचा चार महिन्यांत उरकतो, हा वर्षभर रेंगाळतो. छत्री वाऱ्याने उलटते. चांगले जॅकेट घ्यावे. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास अंधार पडतो आणि सकाळी पावणेनऊपर्यंत उजाडत नाही. घरची आठवण याच दिवसांत जास्त येते, आणि नेमक्या याच दिवसांत पहिल्या सत्राच्या परीक्षा असतात. जूनमध्ये रात्री दहालाही संधिप्रकाश रेंगाळतो, तेव्हा विद्यार्थी प्रबंधाला जुंपलेला असतो.

शहरातील भुयारी रेल्वे १८९६ पासूनची. पंधरा स्थानके आणि एकच वर्तुळ, त्यामुळे चुकण्याची सोयच नाही. विद्यार्थी बहुतेक ठिकाणी चालतच जातात. केल्विनग्रोव्हचे आणि नदीकाठचे रिव्हरसाइड ही दोन्ही मोठी संग्रहालये विनामूल्य आहेत. दुसऱ्यात क्लाइडवरील जहाजांच्या प्रतिकृतींचा संग्रह आहे. या विषयाच्या विद्यार्थ्याने तेथे एक रविवार घालवावाच. दक्षिणेकडील पोलोकशील्ड्स भागात डाळी, पीठ, मसाले, कोथिंबीर सारे मिळते. ज्वारीच्या पिठासाठी थोडे हिंडावे लागते. इंग्रजीत पारंगत असूनही पहिले काही आठवडे स्थानिक बोली कळत नाही. ‘मेसेजेस’ आणायला चाललो म्हणणारा शेजारी वाणसामान आणायला निघालेला असतो, आणि विद्यापीठाच्या पत्रातील ‘आउटविथ’ या शब्दाचा अर्थ ‘बाहेर’ एवढाच असतो. लोक बोलके आहेत. बसथांब्यावर अनोळखी माणूस गप्पा सुरू करील, त्यात वावगे काही नसते.

अर्धवेळ कामाच्या भरवशावर शुल्क फेडण्याचा हिशेब करू नये. सत्राच्या काळात आठवड्याला वीस तासांचीच परवानगी असते आणि एम.एस्सी.च्या बाबतीत प्रबंधाचा उन्हाळाही सत्रातच धरला जातो. खाद्यपदार्थ घरपोच पोहोचवण्याचे स्वयंरोजगारी काम विद्यार्थी व्हिसावर निषिद्ध आहे. अनेकजण ते सहज समजून करू पाहतात आणि व्हिसा धोक्यात घालतात. जानेवारी २०२४ पासून अशा अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना पती, पत्नी वा मुलांना सोबत नेता येत नाही. शिक्षणानंतर राहण्याची मुदत जुलै २०२१ पासून दोन वर्षांची होती. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ती अठरा महिन्यांवर आणण्याचे तेथील सरकारने जाहीर केले आहे. पुढे कुशल कामगाराच्या व्हिसासाठीची सर्वसाधारण वेतनमर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड झाली; नव्या पदवीधरांना त्यात काही सूट मिळते. कर्जाचे हप्ते मांडताना हे आकडे जाहिरातीतील पगारांपेक्षा अधिक उपयोगी.

गोव्हन आणि स्कॉट्सटन येथे आजही युद्धनौका बांधल्या जातात. परंतु संरक्षणक्षेत्रातील सुरक्षा-तपासणीमुळे परदेशी पदवीधराला तेथे शिरकाव अवघड. संधी आहेत त्या जहाजांचे वर्गीकरण करणाऱ्या संस्था, आराखडा सल्लागार, जहाज-व्यवस्थापन कंपन्या आणि समुद्रातील पवनऊर्जा यांत. पीटरहेडच्या किनाऱ्यापुढे २०१७ मध्ये जगातील पहिले तरंगते पवनक्षेत्र सुरू झाले, तेही स्कॉटलंडचेच. तरंगत्या पवनचक्कीचा पाया हा शेवटी नौकारचनेचाच प्रश्न आहे.

हेच विषय भारतातही शिकता येतात. आयआयटी खरगपूर आणि आयआयटी मद्रास येथील एम.टेक. दोन वर्षांचे असून ‘गेट’मार्फत प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन मिळते, कोचीनचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि २००८ मध्ये स्थापन झालेले भारतीय सागरी विद्यापीठ हेही पर्याय आहेत. ‘गेट’मध्ये नौकारचना व सागरी अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका २०२२ पासून आली आहे. ही परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो, आणि ग्लासगोचा वर्ग सप्टेंबरात भरतो. त्यामुळे दोन्हीकडे अर्ज करून, निकाल हाती आल्यावर कर्जाच्या कागदांवर सही करण्याइतका वेळ विद्यार्थ्याजवळ असतो.