चाव्या कमरेला असलेली माणसे

आज आपल्या प्रत्येक धर्मग्रामात, प्रत्येक मंडळात, किंबहुना बहुतेक कुटुंबांत मोबाईलवरचा एखादा गट असतो आणि त्या गटाला एक 'अॅडमिन' असतो. या पदासाठी निवडणूक नाही, मानधन नाही, मुदतही नाही. ज्याने गट काढला तो अॅडमिन झाला. पुढे गटात वाद पेटला की दोन्ही बाजूंची बोलणी त्यालाच खावी लागतात. एकाचे म्हणणे, "याला अजून काढला कसा नाही?" तर दुसऱ्याचे, "मला बोलू का देत नाही?" हे दुखणे मोबाईलबरोबर जन्मले, असा समज असेल तर तो बरोबर नव्हे. मोबाईल आपल्या खिशात येण्याच्या कितीतरी आधी काही सज्जन माणसांनी हा भार खांद्यावरून उतरवून ठेवण्याचा मनापासून प्रयत्न केला होता. त्याची हकिकत वाचकांपुढे मांडावी, असे आम्हाला वाटले.

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने संगणकावरील एक खेळ रचावयास घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढविला. निरनिराळ्या ठिकाणी बसलेली अनेक माणसे एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरू शकतील, अशी ती योजना होती. त्यात चित्र नव्हते की आवाज नव्हता. "तू एका खोलीत आहेस, उत्तरेस दार आहे," असे पडद्यावर उमटे आणि खेळणारा आपली कृती टंकून कळवी. या खेळात पुरेसे गुण मिळविणाऱ्यास 'विझर्ड', म्हणजे जादूगार, ही पदवी मिळे. पुढे अशी अनेक जगे निर्माण झाली आणि त्यांचा कारभार पाहणाऱ्यांना हेच नाव चिकटले.

१९९० साली कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या पावेल कर्टिस यांनी याच कुळातले एक जग उघडले. त्याचे नाव 'लॅम्डामू'. येथे हारजीत नव्हती. यावे, बोलावे, आपली खोली बांधावी, एवढेच. कर्टिस यांनी आपल्या राहत्या घराचाच आराखडा त्यासाठी घेतला होता. दिवाणखान्यात एक काकाकुवा ठेवला होता आणि तो आल्यागेल्याची ऐकलेली वाक्ये मधूनच पुन्हा बोलून दाखवी. त्याची टकळी असह्य झाली तर त्याचे तोंड बांधण्याची सोय होती. (माणसांच्या बाबतीत प्रश्न इतका सोपा नसतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.)

वस्ती वाढली तशा कुरबुरीही वाढल्या. कुणी कुणाची खोडी काढली, कुणी अर्वाच्य बोलले, कुणी दुसऱ्याच्या खोलीत शिरून त्रास दिला, की गाऱ्हाणे जादूगारांकडे येई. हे जादूगार म्हणजे यंत्रणा सांभाळणारे मूठभर जाणकार होते. त्यांना न्यायनिवाड्याची हौस नव्हती आणि त्याचे शिक्षणही नव्हते. त्यांच्या हाती अधिकार मात्र निरंकुश होता. एखाद्या रहिवाशाचे खातेच पुसून टाकण्याची अंतिम शिक्षा ते देऊ शकत. तिला तेथील बोलीत 'बेडूक करणे' म्हणत.

डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी एक जाहीर निवेदन लिहिले. पिलांना शिस्त लावणाऱ्या आईची भूमिका जादूगारांनी आता सोडावी, समाज वयात आला आहे, असा त्याचा आशय होता. यापुढे जादूगार केवळ यंत्र चालवतील आणि माणसांमधील तंटे माणसांनीच मिटवावेत, असे ठरले. हे निवेदन आम्हाला प्रामाणिक वाटते. सत्ता सोडणारी माणसे इतिहासात थोडीच सापडतात, त्यामुळे त्यांच्याविषयी आदर बाळगूनच पुढचे सांगितले पाहिजे.

अवघ्या तीन महिन्यांनी, मार्च १९९३ मधील एका रात्री, 'मिस्टर बंगल' हे नाव घेतलेला एक रहिवासी दिवाणखान्यात आला. त्याच्यापाशी एक करामत होती. तिच्या योगे तो दुसऱ्यांच्या नावे कृती लिहू शके. त्याने तेथील काही जणांच्या नावे अत्यंत अभद्र व हिंसक कृत्ये सर्वांसमक्ष लिहून दाखविली. आपल्याच नावाने पडद्यावर काय उमटते आहे ते त्यांना पाहावे लागले आणि थोपविता मात्र येईना. अखेर झिप्पी नावाच्या एका जुन्या रहिवाशाने त्याला आपल्याजवळच्या करामतीने पिंजऱ्यात कोंडले, तेव्हा तो प्रकार थांबला. "नुसते शब्दच तर होते," असे कुणी म्हणेल. परंतु ज्यांच्यावर हे गुदरले त्यांपैकी एका स्त्रीने दुसऱ्या दिवशी त्या वस्तीच्या पत्रव्यवहारात त्याविषयी लिहिले, तेव्हा लिहिता लिहिता तिच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. ते अश्रू काल्पनिक नव्हते.

बंगलला बेडूक करावे, अशी मागणी झाली. पण करणार कोण? जादूगारांनी हात झटकले होते आणि त्यांच्या जागी दुसरी कोणतीच व्यवस्था उभी राहिली नव्हती. तीन दिवसांनी सुमारे तीस रहिवासी सभेस जमले. कायदा, शिक्षा, वाणीस्वातंत्र्य, शरीर आणि शब्द यांतील भेद अशा विषयांवर पुष्कळ चर्चा झाली. मध्येच बंगल स्वतः येऊन उभा राहिला. या साऱ्याचा आपल्या खऱ्या आयुष्याशी काही संबंध नाही, असे त्याचे म्हणणे होते. सभा निर्णयाविना पांगली. ज्यांनी गावकीच्या बैठका पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

त्या सभेत जोफीडबॅक या नावाने वावरणारा एक जादूगार होता. त्याने सर्व ऐकून घेतले आणि सभेनंतर, एकट्याच्या विचाराने, बंगलचे खाते पुसून टाकले. न्याय झाला असे पुष्कळांना वाटले, पण तो ज्या रीतीने झाला ती कुणालाच सुखाची वाटली नाही. त्यातून, काही काळाने तोच बंगल दुसरे नाव घेऊन परत आला! ही सर्व हकिकत ज्युलियन डिबेल या पत्रकाराने डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात लिहिली.

हे सारे घडले तेव्हा कर्टिस कामानिमित्त बाहेर होते. परतल्यावर त्यांनी नवी घडी बसविली. कोणत्याही रहिवाशाने अर्ज मांडावा, त्यावर पुरेशा सह्या मिळाल्या की मतदान घ्यावे, आणि विरोधी मतांच्या दुप्पट मते अनुकूल पडल्यास जादूगारांनी तो निर्णय अमलात आणावा. याच मार्गाने लवादाची पद्धत संमत झाली आणि रहिवासीच एकमेकांचे तंटे सोडवू लागले. वाचणाऱ्याला वाटेल की प्रश्न सुटला.

तो सुटला नाही, आणि आमच्या मते या कहाणीचे मर्म येथेच आहे. लवादाने निकाल दिला तरी अंमल करणारा हात जादूगाराचाच होता. अर्ज मतास टाकण्यापूर्वी तो यंत्रणेत बसतो की नाही, हे जादूगारच तपासत. 'बसत नाही' असे म्हटले की यंत्राची अडचण खरी की मनातली, असा संशय येई. खोल्या बांधावयास संगणकात जागा मोजकीच होती. ती कुणाला किती द्यावी, हा प्रश्न गणिताचा की न्यायाचा? १६ मे १९९६ रोजी जादूगारांनी दुसरे निवेदन काढले. यंत्राचा निर्णय आणि समाजाचा निर्णय यांत आपण आखलेली रेषा टिकू शकत नाही, अशी कबुली देऊन त्यांनी टाकलेले अधिकार पुन्हा हाती घेतले. साडेतीन वर्षांत एक वर्तुळ पुरे झाले.

लोकशाही बुडाली, असे तेव्हा काहींनी म्हटले. आम्हाला ते पटत नाही. अधिकार तर मधल्या काळातही जादूगारांपाशीच होता, फक्त त्याला नाव उरले नव्हते. घराच्या चाव्या कमरेला बांधून "मी या घरातला पाहुणा आहे," असे म्हणणाऱ्या माणसाशी कुणाला नीट भांडताही येत नाही. १९९६ नंतर निदान गाऱ्हाणे कुणाकडे न्यावयाचे, ते कळत होते.

आपल्या महाराष्ट्रातही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका व्हॉट्सअॅप गटात एका सदस्याने एका महिला सदस्याविषयी घाणेरडी भाषा वापरली. अॅडमिनने त्याला काढले नाही की माफी मागावयास लावली नाही, म्हणून २०१६ साली अॅडमिनवरही गुन्हा नोंदविण्यात आला. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. अॅडमिनचा अधिकार मर्यादित, म्हणजे मुख्यतः सदस्य घेण्याचा व काढण्याचा आहे. कोण काय लिहिणार यावर त्याचा आधी ताबा नसतो. तेव्हा दोघांचा समान हेतू दिसल्याखेरीज दुसऱ्याच्या लिखाणासाठी त्याला गुन्हेगार धरता येत नाही, असा तो निकाल होता. कायदा म्हणून तो योग्यच आहे. त्या महिलेला त्या दिवशी गटात काय वाटले असेल, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. तो गटापुढे होता.

२०२२ साली व्हॉट्सअॅपने अॅडमिनला आणखी एक कळ दिली. आता तो दुसऱ्याचा मजकूर सर्वांच्या पडद्यावरून काढून टाकू शकतो. मजकूर जातो, पण त्याच्या जागी एक लहानशी ओळ उरते. हा मजकूर अॅडमिनने काढला असे तीत लिहिलेले असते आणि पुढे त्या अॅडमिनचे नाव असते.