त्रिरश्मीचा कातळ आणि तापमानाचे गणित

१/७ नाशिकच्या पांडवलेण्यांत आपण शिलालेख वाचायला जातो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची कीर्ती कोरवली, त्याला सुमारे १९०० वर्षे झाली. तो कातळ मात्र सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. हा धागा त्या कातळाविषयी.

२/७ ब्रह्मगिरी, अंजनेरी, साल्हेर ही सारी शिखरे लाव्हाच्या थरांवर थर साचून घडली. दख्खनच्या ज्वालामुखीचा हा बेसॉल्ट आजही सुमारे ५ लाख चौ. किमी. भूभाग व्यापतो. त्यातील एका थरसमूहाला भूशास्त्रज्ञांनी इगतपुरीचे नाव दिले आहे.

३/७ लाव्हाबरोबर कार्बन डायऑक्साइडही उसळला. सागरतळातील सूक्ष्म कवचे सांगतात, की डायनोसॉरांच्या अंतापूर्वीच्या काही लाख वर्षांत पृथ्वी काही अंशांनी तापली होती. बहुतेक अभ्यासक त्याचे कारण दख्खनच्या या उद्रेकात शोधतात.

४/७ पण हा वायू वाढला, तर तापमान किती वाढते? १८९६ साली स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियसने हाताने आकडेमोड करून उत्तर काढले : वायू दुप्पट झाल्यास ५ ते ६ अंश सेल्सिअस. वायू गुणाकाराने वाढला, तर तापमान बेरजेने वाढते, हेही त्याने ओळखले.

५/७ केवळ वायूमुळे होणारी वाढ दर दुपटीला सुमारे १ अंशच. मात्र तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि बाष्प उष्णता अडवते. बर्फ वितळले की उघडी पडलेली जमीन व समुद्र अधिक ऊन शोषतात. ढगांचा हिशेब सर्वांत अवघड. म्हणूनच १९७९ साली अमेरिकेतील चार्नी समितीने १.५ ते ४.५ अंश असा रुंद पट्टा दिला. प्राचीन हवामानाच्या साक्षीचाही आधार घेत २०२१ साली आयपीसीसीने तो २.५ ते ४ वर आणला. सर्वोत्तम अंदाज ३ अंश.

६/७ औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या पुढे आहे. दख्खनचा उद्रेक लाखो वर्षे चालला. ही दीडपट वाढ आपण अडीच-पावणेतीनशे वर्षांत केली.

७/७ पावसाने झिजणारा बेसॉल्ट हवेतील कार्बन बांधतो आणि नद्या तो समुद्राला पोहोचवतात. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी हे काम आजही करते, परंतु त्याचा परिणाम दिसायला लाखो वर्षे लागतात. पुढच्या भेटीत लेखासोबत त्यामागची भिंतही जरूर वाचा.