थंडीला जाणं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त भाच्याच्या फोनचं.

हा आमचा भाचा म्युनिकला असतो. सात-आठ वर्षं झाली, त्यामुळे आता तिकडच्यासारखा वागतो, म्हणजे जानेवारीतल्या गोष्टी मे महिन्यात ठरवतो. "मामा, येत्या जानेवारीत चार आठवडे सेंट अँटनला जाऊन राहायचं ठरवतोय. स्कीइंगला. तू आणि मामीनं पण यायचं. दोन आठवडे मी तिथूनच ऑफिसचं काम करीन, दोन आठवडे सुट्टी." पाठोपाठ एक्सेलची फाईल आली. मला वाटलं होतं विमानाचं तिकीट, हॉटेल, संपलं. उघडून बघतो तर वीसेक रकाने!

सौ.नं चष्मा लावून ती फाईल वरपासून खालपर्यंत वाचली. "चार आठवडे? आणि तिथे करायचं काय?"

"घसरायचं," मी म्हणालो.

"त्याला इतक्या लांब कशाला जायचं? आपलं न्हाणीघर आहे की."

गुलमर्ग का नाही, असंही तिनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली 'स्की क्लब ऑफ इंडिया' काढला तो गुलमर्गलाच, आणि आज तिथला गोंडोला माणसांना जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेऊन सोडतो. पण भाच्याचं ऑफिस म्युनिकला आहे. सेंट अँटन ऑस्ट्रियात, आर्लबर्ग खिंडीच्या पायथ्याशी, गाडीनं जेमतेम तीन तासांवर. शिवाय फाईल तयार होती. तयार फाईलपुढे कुणाचं चालत नाही.

ती फाईल मात्र वाचण्यासारखी आहे. जानेवारीच का? तर नाताळ-नवीन वर्षाची गर्दी ओसरलेली असते, आणि फेब्रुवारीत शाळांच्या सुट्ट्या लागून भाडी परत चढायची असतात. मधल्या या खळग्यात घर स्वस्त मिळतं. घर घ्यायचं ते शनिवार ते शनिवार, मधल्या वारी कुणी विचारत नाही. लिफ्टचा पास जितक्या जास्त दिवसांचा तितका रोजचा भाव कमी. पण मग भाचा कामात असेल त्या दिवशीही आपण पैसे भरत राहणार, म्हणून दोन छोटे पास घ्यावेत की एक मोठा, यावर एक पूर्ण वेगळं पान आहे. विमा असा हवा की पाय मोडला तर हेलिकॉप्टरचा खर्च निघाला पाहिजे. बूट आणि स्की भाड्यानं. पहिले पाच दिवस शिकवणीचे. डाळ-तांदूळ म्युनिकहून गाडीत घालून न्यायचे.

तो डाळ-तांदळाचा रकाना वाचला आणि मला एकदम आमची आजी आठवली. हे तर हवापालटाला जाणं!

आमच्या लहानपणी घरात 'हवापालट' हा शब्द हळू आवाजात उच्चारला जायचा. आजीच्या धाकट्या भावाला क्षय झाला होता आणि त्याला पाचगणीला ठेवलं होतं. पाचगणीत डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली 'बेल-एअर' आरोग्यधाम उघडलं, त्यानंतर किती तरी घरांचा पाचगणीशी असा संबंध आला असेल. तिथे जायचं म्हणजे महिनोन् महिन्यांचा बेत. कुणी सोबत राहायचं, दूध कुठून घ्यायचं, वळकट्या किती, भांडी कोणती, पैसे कुणाकडून. आजी सांगायची की तिच्या आईनं तांदूळ निवडून, बोरिक लावून, पोत्यावर महिन्याचं नाव लिहून दिलं होतं. एक्सेलच म्हणायचं ते.

गंमत अशी की आल्प्समध्ये हिवाळ्यात जाऊन राहण्याची सुरुवातसुद्धा अशीच आजाऱ्यांपासून झाली. (गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण असो.) त्याआधी शहाणा माणूस आल्प्समध्ये उन्हाळ्यात जायचा आणि बर्फ पडायच्या आत खाली यायचा. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला अलेक्झांडर श्पेंगलर नावाचा डॉक्टर होता. मूळचा जर्मन, १८४८-४९च्या उठावात भाग घेतला म्हणून परागंदा झालेला. दावोसच्या लोकांत क्षय जवळजवळ दिसत नाही असं त्याच्या लक्षात आलं. फेब्रुवारी १८६५ मध्ये, ऐन बर्फात, दोन जर्मन रोगी त्याच्याकडे येऊन राहिले आणि सुधारले. मग रीघ लागली. गच्चीत कांबळी पांघरून पडून राहायचं, हवा खायची, दूध प्यायचं, आणि महिने मोजायचे.

रोग्याबरोबर धडधाकट माणूसही येतो, आणि त्याला वेळ जात नाही. शेरलॉक होम्सवाला आर्थर कॉनन डॉयल असाच बायकोच्या क्षयासाठी दावोसला आला होता. गावात ब्रांगर नावाच्या दोघा भावांनी नॉर्वेहून स्की मागवून स्वतःच धडपडत सराव केला होता. मार्च १८९४ मध्ये ते डॉयलना घेऊन डोंगर ओलांडून शेजारच्या अरोझाला गेले. डॉयलनी त्यावर इंग्रजी मासिकात लेख लिहिला आणि इंग्लंडात घरोघरी ते वाचलं गेलं. आपल्याकडचं उदाहरण पाहायचं तर पंडित नेहरू. १९२६-२७ मध्ये कमलाबाईंच्या आजारपणासाठी ते स्वित्झर्लंडमध्ये होते, तिथे मोंताना या ठिकाणी हिवाळ्यात ते स्की शिकले. खूप पडले, पण गोडी लागली, असं आत्मचरित्रात त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे क्षयावर औषधं निघाली, आरोग्यधामं ओस पडली, आणि त्यातल्या काहींची हॉटेलं झाली. रोगी गेले, सोबतचे राहिले!

असो. हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, इंटरेस्टिंग. पण तू पासचं ठरव."

पासचं ठरवायला फाईल परत उघडली आणि 'उंची' या रकान्यावर अडकलो. सेंट अँटन, १३०४ मीटर. म्हणजे साधारण आपल्या अस्तंब्याएवढं! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अस्तंबा हे सातपुड्यातलं शिखर, नंदुरबार जिल्ह्यात. दिवाळीत तिथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते. उंची तीच, पण सत्तेचाळीस अंश अक्षांश आणि बावीस अंश अक्षांश यांत जो फरक पडायचा तो पडतोच. तरी सातपुड्यातली थंडी ही चेष्टेची गोष्ट नाही, हे मला चांगलं माहीत आहे, कारण माझे दोन हिवाळे मोलगीला गेलेत.

वडील शिक्षक. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांची बदली मोलगीला झाली. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता (तो १९९८ मध्ये झाला), सगळा धुळेच. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगी. बदली झाली हे कळल्यावर नातेवाईक भेटायला यायचे ते कुणी गेल्यासारखे. आम्हा मुलांना मात्र मजा वाटली. पहिल्याच डिसेंबरात एका पहाटे बाबांनी उठवून बाहेर नेलं. पेंढ्यावर पांढरं काही तरी पसरलं होतं. मी मीठ समजून चाटून पाहिलं. दव गोठलं होतं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि गार हवा उतारावरून वाहत येऊन खोलगट जागी साचते, हे शास्त्र बाबांनी तिथेच उभं राहून सांगितलं. त्यांचे दात वाजत होते. आजही डिसेंबर-जानेवारीत डाब, वालंबा या भागात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, सोबत फोटो, आणि 'बर्फाची चादर' वगैरे शब्द. त्या बातमीत सहसा कुडाच्या घरात रात्र कशी काढतात ते नसतं. बांबूच्या कुडातून वारा आत येतो. घराच्या मधोमध रात्रभर लाकूड जळत ठेवायचं, आणि त्याच्याभोवती सगळ्यांनी झोपायचं. एक कूस भाजते, दुसरी गारठते. माझ्या वर्गातला एक मुलगा याची नक्कल फार झकास करायचा.

त्या मुलाचं नाव लिहीत नाही. माझ्या शेजारी बसायचा. गणितात माझ्यापुढे, आणि मराठी बोलताना आधी मनात पावरीतून जुळवून घेतोय असं स्पष्ट दिसायचं. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली तर त्याची जागा रिकामी. एकट्याचीच नाही, वर्गातल्या बऱ्याच. ते सगळे ऊस तोडायला सुरत जिल्ह्यात गेले होते. बारडोलीचा साखर कारखाना १९५०च्या दशकातला, त्यामागून आजूबाजूला आणखी कारखाने उभे राहिले, आणि उसाला हात लागत होते. मुकादम आधी उचल देतो, मग ट्रक येतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', हाती पोर असेल तर तेही त्याच कोयत्यात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं याच काळात बारडोलीच्या मजुरांवर लिहिलंय. ते मी फार उशिरा वाचलं, आणि त्यातला कोयत्याचा उल्लेख आल्यावर पुस्तक बंद करून ठेवलं.

आता सेंट अँटन. गावाचा इतिहास शोधता शोधता मला एक शब्द सापडला, 'श्वाबनकिंडर', म्हणजे श्वाबियाची पोरं. टायरोल, फोरार्लबर्ग आणि स्वित्झर्लंडचा ग्राउब्युंडन हा सगळा प्रदेश तेव्हा अठराविश्वे दारिद्र्याचा. शेत उतारावरचं, वाटण्या होऊन होऊन चिंधीएवढं. घरात तोंडं फार. म्हणून मार्च महिन्यात, अजून खिंडीत बर्फ असताना, सात-आठ वर्षांपासून पुढची मुलं एखाद्या पाद्र्याबरोबर किंवा वाटाड्याबरोबर पायी निघायची. टायरोलची मुलं आर्लबर्ग ओलांडूनच. जर्मनीत राफेन्सबुर्ग, फ्रीडरिक्सहाफेन इथे बाजार भरायचा आणि शेतकरी मुलं निवडून घेऊन जायचे. गुरं राखायची, शेण काढायचं. नोव्हेंबरात परत. मोबदला थोडे पैसे आणि दोन जोड कपडे. घरी एक तोंड कमी झालं हाच खरा मोबदला. १८८४ मध्ये आर्लबर्गचा रेल्वे बोगदा झाला तेव्हा पायपीट थांबली, प्रथा नाही. फ्रीडरिक्सहाफेनचा बाजार १९१५ मध्ये बंद पडला. १९२१ मध्ये व्युर्टेम्बर्गनं परक्या मुलांनाही शाळा सक्तीची केली, तेव्हा कुठे हे आटलं.

आणि त्याच खिंडीत, त्याच वर्षांत, दुसरी गोष्ट चालू होती. जानेवारी १९०१ मध्ये खिंडीतल्या सेंट क्रिस्टोफला काही लोकांनी 'स्की क्लब आर्लबर्ग' काढला. १९०७ मध्ये सेंट अँटनच्या हॉटेल पोस्टनं सतरा वर्षांच्या हानेस श्नायडरला पाहुण्यांना स्की शिकवायला ठेवलं. खिंडीपलीकडच्या श्टूबेनचा मुलगा. त्यानं गुडघ्यात वाकून, वेग ताब्यात ठेवून वळायची जी पद्धत बसवली ती जगभर 'आर्लबर्ग पद्धत' म्हणून शिकवली गेली. १९३०मध्ये तर जपाननं त्याला बोलावून नेलं. (नाझींनी १९३८ मध्ये त्याला तुरुंगात टाकलं, पुढच्या वर्षी तो अमेरिकेला गेला. ती एक वेगळीच कथा आहे, पुन्हा कधी तरी.) १९३७ मध्ये गाल्त्सिगवर रोपवे चढला. आज तिथल्या सगळ्या उतारांची लांबी मोजली तर तीनशे किलोमीटर भरते.

म्हणजे एकाच गावातून एकाच गाडीनं मुलं मजुरीला उतरत होती आणि पाहुणे मौजेला चढत होते. १९०७ ते १९१५, निदान आठ वर्षं तरी. फलाटावर त्यांची कधी गाठ पडली असेल का? मला ती पाहायला आवडली असती. बर्फ विकता येतो हे कळायच्या आधी हिवाळा म्हणजे तिथे नुसतं दार लावून बसणं होतं. उन्हाळ्यात पोरं बाहेर, हिवाळ्यात सगळे घरात. आमच्या मोलगीत उलटं. पाऊस आहे तोवर भगर, मोर, ज्वारी पिकवायची, आणि थंडी पडली की गाव रिकामा. मुळात थंडी विकता यावी इतकी ती तिथे पडत नाही. दव गोठतं, ऊन आलं की नऊ वाजेपर्यंत विरघळतं, आणि तुरीचा फुलोरा जळलेला दिसतो.

मोलगी परिसरात अलीकडे काय बदललं ते मी बघून आलोय. रस्ते बरे आहेत, आमचूर आणि भगर बाहेर जाते, तोरणमाळला पर्यटक जातात. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतर अक्कलकुव्याच्या रस्त्यावर उभे असलेले ट्रकही पाहिलेत.

तर तो मुलगा. होळीला सगळे परततात. काठीची राजवाडी होळी रात्रभर नाचून पहाटे पेटते, आणि त्या रात्री कुणीच गुजरातेत राहत नाही. पहिल्या वर्षी तो परत आला, शेजारी बसला, राहिलेलं गणित आठ दिवसांत उरकलं. हातांवर उसाच्या पात्यांच्या रेघा होत्या. दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी बाबा त्याच्या पाड्यावर गेले, मला बरोबर घेऊन. याला वसतिगृहात ठेवा, मी लक्ष देतो, असं ते बराच वेळ सांगत होते. त्याचे वडील ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "गुरुजी, उचल घेतली आहे." बाबांनी रक्कम विचारली. ती बाबांच्या दोन पगारांएवढी होती. परत येताना घाटात बाबा काही बोलले नाहीत. त्या होळीला तो आला नाही, आणि उन्हाळ्यात आमची बदली झाली.

भाच्याला मी काल कळवलं. चार आठवडे जमायचे नाहीत, मामीचे गुडघे आणि माझा स्वभाव दोन्ही तेवढे टिकणार नाहीत. दोन शनिवार, तीन शनिवार, तो म्हणेल तसं. पास मामीला नको, ती खिडकीशी बसून चहा घेणार आहे. मला पाच दिवसांची शिकवणी हवी, आणि एक दिवस रिकामा हवा, सेंट क्रिस्टोफपर्यंत रस्त्यानं जाऊन यायला. त्याच्या बदल्यात त्यानं मार्चमध्ये इकडे यायचं आणि एक रात्र काठीला माझ्याबरोबर काढायची.

त्याचं उत्तर अर्ध्या तासात आलं. फाईलमध्ये नवा रकाना घातलाय, 'होळी'. खाली प्रश्न विचारलाय, मामा, तिथे रात्री तापमान किती असतं, जाकीट आणू का?

आण म्हटलं.